पिल्लं संध्याकाळी नव्या खुराड्यात जात नाहीत: त्रास तोच, कारण दर वेळी वेगळं

पावणेसात झालेत, उजेड चाललाय, आणि अठरा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) नव्याकोऱ्या खुराड्याच्या दारासमोर एकमेकींना चिकटून बसल्यात. दार सताड उघडं. आत कोरडं तूस, नवी दांडी, ताजं पाणी. आत मात्र एकही नाही. मी काखेत बॅटरी धरून एकेक उचलते आणि आत सोडते. चौथी आत जाईपर्यंत पहिली बाहेर आलेली असते. एका सप्टेंबरात मी हे सलग अकरा दिवस केलं. बाराव्या दिवशी सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "अगं, तू रोज उचलून ठेवतेस, मग त्या कशाला चालत जातील?"

अर्धं उत्तर त्यातच होतं. उरलेलं अर्धं कळायला मला पिल्लांच्या आणखी दोन खेपा लागल्या.

आमचं घर मखमलाबादच्या पुढे, मातोरीच्या रस्त्याला. एका अंगाला चुलत सासऱ्यांची द्राक्षबाग, मागे मक्याचं रान. परसात वीस-पंचवीस कोंबड्या असतात. गिरिराज, वनराज या सुधारित जातींच्या आणि चार-पाच गावरान. हा काही पोल्ट्रीचा धंदा नव्हे, घरापुरती अंडी होतात आणि उरलेली शेजारी जातात. पिल्लं घरात बल्बखाली वाढवायची, अंगभर पिसं आली की, म्हणजे सहा-आठ आठवड्यांनी, बाहेरच्या खुराड्यात हलवायची. हलवली की हे नाटक ठरलेलं. ओळखीपाळखीत जे जे पिल्लं पाळतात त्यांचंही गाऱ्हाणं हेच. पण अंग तापलं म्हणून प्रत्येकाला मलेरिया नसतो, तसंच हे आहे. पिल्लं आत का जात नाहीत याची निदान चार वेगवेगळी कारणं मी स्वतः भोगली आहेत, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

आपल्या भागात हा नुसता वैतागाचा प्रश्न पण नाही. नाशिक, दिंडोरी, निफाड, सिन्नर, कुठेही ऊस किंवा मक्याच्या कडेला घर असेल तर तिन्हीसांजेला खाली वाकून कोंबड्या गोळा करत बसणं धोक्याचं आहे. वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. म्हणून मी हिशेब उलटा धरते: सूर्य मावळायच्या आत दाराला कडी. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. त्यामुळे उन्हाळ्यात बसवलेली सवय हिवाळ्यात तासाभराने अलीकडे येते, हेही डोक्यात ठेवा.

कोंबडीला घर कसं कळतं

कोंबडीला अंधारात फार कमी दिसतं. उजेड उतरायला लागला की ती घाईला येते आणि कालची रात्र जिथे काढली तिथे जाते. ती जागा सापडली नाही तर आसपास जे उंच दिसेल त्यावर चढते. चढता येत नसेल तर कोपऱ्यात दाटी करते. एवढंच तिचं गणित आहे. खुराडं तुम्ही किती खर्च करून बांधलं याच्याशी तिचा संबंध नाही. माझ्या अठरा तलंगांनी सहा आठवडे पडवीतल्या खोक्यात काढले होते, त्यामुळे संध्याकाळी त्या पडवीच्या दिशेला असलेल्या जाळीला जाऊन चिकटायच्या. खुराड्याचं दार त्या दिशेलाच होतं म्हणून मला उगीच वाटायचं की दारापर्यंत येतात आणि अडतात. त्या दारापर्यंत येतच नव्हत्या. त्या घराकडे निघाल्या होत्या आणि मध्ये खुराडं आडवं आलं होतं.

यावर जुना आणि पक्का उपाय म्हणजे कोंडणं. पिल्लं दिवसा हलवू नका, रात्री अंधारात हलवा. झोपेत असतात, आरडाओरडा कमी. सरळ दांडीजवळ नेऊन ठेवा. सकाळी दार उघडू नका. पाच ते सात दिवस खाणं-पाणी आतच. पाचव्या दिवशी मन विरघळतं, "बिचारी बाहेर बघतात" असं घरातलं कुणीतरी म्हणतंच, ऐकू नका. पहिल्यांदा दार उघडाल ते सकाळी उघडू नका, सूर्य मावळायच्या तासभर आधी उघडा, आणि त्या दिवशी दुपारचं खाणं देऊ नका. भुकेली पिल्लं लांब जात नाहीत. अर्ध्या तासाने आतल्या भांड्यात मक्याचा भरडा टाकून भांडं वाजवा. आमच्याकडे स्टीलचा डबा आहे. त्यावर चमचा वाजला की आता शेजारच्यांच्या कोंबड्यासुद्धा कुंपणाशी येतात.

कोंडण्याला आपल्या भागात एक मोठा अपवाद आहे. मार्च ते मे नाशिकचं ऊन आणि वर पत्रा, अशा खुराड्यात दिवसभर पिल्लं कोंडली तर ती घर शिकायच्या आधी मरतील. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सोडून धापा टाकायला लागली की समजा फार झालं. त्या दिवसांत एक तर पत्र्यावर उसाच्या पाचटाचा हातभर थर घाला आणि जाळीला ओलं गोणपाट लावा, नाहीतर खुराडं आणि त्याला लागून असलेलं जाळीचं आवार मिळून एकच कोंडवाडा धरा आणि फक्त रात्री आतलं दार लावा. दुसऱ्या पद्धतीत शिकायला दोन-चार दिवस जास्त लागतात. लागू देत.

पहिली खेप: आत अंधार होता

कोंडून पाहिलं, तरी पहिल्या खेपेच्या तलंगा नीट जाईनात. आठ-दहा जायच्या, बाकीच्या उंबऱ्यावर थबकायच्या. मी खुराड्याची खोट शोधत होते, दांडी बदलली, तूस बदललं. शेवटी एक दिवस पावणेसातला त्यांच्या शेजारी जमिनीवर बूड टेकून बसले आणि त्यांच्या उंचीवरून आत पाहिलं. आत काळंकुट्ट. दार पूर्वेला, मागची पश्चिमेची भिंत विटांची, खिडकी नाही. बाहेर अंगणात अजून पेपर वाचता येईल एवढा उजेड आणि आत विहीर. मी उभी राहून पाहायचे तेव्हा मला वरच्या झडपेतला उजेड दिसायचा, त्यांच्या उंचीला तो नव्हताच. ज्या प्राण्याला अंधारात दिसत नाही तो उजेडातून अंधारात कशाला शिरेल?

पश्चिमेच्या भिंतीतल्या चार विटा काढून जाळी ठोकली. तोवर आठवडाभर आत एक छोटा चार्जिंगचा दिवा लावला. संध्याकाळी अर्धा-पाऊण तास, सगळ्या आत गेल्या की बंद. दिवा रात्रभर ठेवू नका, झोपत नाहीत आणि एकमेकींची पिसं उपटायला लागतात. तीन दिवसांत उचलायचं काम संपलं.

त्याच खेपेत आणखी एक चूक होती, ती नंतर लक्षात आली. पिल्लांना ऊब म्हणून लावलेला बल्ब मी हलवायच्या आदल्या रात्रीपर्यंत चालू ठेवला होता. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते हे खरं, पण ती दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवत न्यायची असते. पाच-सहा आठवड्यांची, पिसं भरलेली पिल्लं बल्बशिवाय राहतात. माझ्या पिल्लांनी जन्मात अंधार पाहिलाच नव्हता. नव्या जागी पहिल्याच रात्री अंधार झाला आणि सगळी एका कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढली. सकाळी खालची दोन गुदमरून गेलेली. त्यामुळे आता हलवायच्या निदान आठ दिवस आधी बल्ब रात्री बंद करते, आणि खुराड्याचे चारही कोपरे पुठ्ठ्याने गोल करून टाकते. कोपराच नसला की ढीग होत नाही. पुठ्ठा पंधरा दिवसांनी काढून टाकायचा.

दुसरी खेप: कांदाचाळ

ही खेप लिहायला मला थोडी लाज वाटते, कारण आयडिया माझी होती. परसामागे जुनी कांदाचाळ रिकामी पडून होती. जमिनीपासून दोन फूट उंच, तळाला फळ्या, चारी बाजूंनी पट्ट्या, वर सिमेंटचे पत्रे. हवा खेळती राहावी म्हणूनच तर चाळ बांधतात. म्हटलं, कोंबड्यांना यापेक्षा चांगलं काय? फळ्यांवर गोणपाट, त्यावर घोटीच्या भात गिरणीवरून आणलेल्या तुसाचा तीन इंची थर, आडव्या दांड्या. पहिले दहा दिवस पिल्लं कौतुक वाटावं अशी सहाच्या ठोक्याला आत. अकराव्या-बाराव्या दिवसापासून दारात घुटमळायला लागली. पंधराव्या दिवशी सात-आठ जणी शेवग्यावर.

लक्षात घ्या, हे पहिल्या खेपेपेक्षा अगदी उलटं आहे. आधी जात होती आणि मग जायची थांबली. असं झालं की कोंबडीला घर कळलेलं असतं, पण घरात काहीतरी त्रास देत असतं. इथे कोंडून शिकवण्यात अर्थ नाही. कोंडलंत तर त्या त्रासातच कोंडाल.

आमच्याकडे तो त्रास लाल कोळ्याचा होता. नाशिककरांना लाल कोळी म्हटलं की द्राक्षाचं पान आठवतं, पण हा वेगळा. हा रक्त पितो. दिवसभर लाकडाच्या भेगेत, दांडी जिथे टेकते त्या सांध्यात लपून बसतो, आणि रात्री कोंबडी झोपली की बाहेर येऊन तिला चावतो. म्हणून दिवसा कोंबडी उचलून पिसं विंचरून पाहिलीत तर काही सापडत नाही, आणि आपण म्हणतो "पक्षी स्वच्छ आहे". मी तीनदा पाहिलं होतं. नाना, म्हणजे चुलत सासरे, म्हणाले, "सूनबाई, रात्री दहाला बघ. आणि कोंबडी नको बघू, दांडी बघ." रात्री बॅटरी घेऊन गेले आणि पांढरा सुती फडका दांडीच्या खालच्या अंगाने ओढला. फडक्यावर बारीक लाल-तपकिरी रेघा उठल्या. ते चिरडलेले कोळी, पोटात माझ्या तलंगांचं रक्त. दांडीच्या टोकाला राखेसारखी पूड दिसायची ती मी धूळ समजत होते; ती त्यांची वस्ती होती. तुरे का फिके पडलेत तेही मग कळलं.

आले कुठून? चाळीच्या आढ्याला पारव्यांची घरटी होती. हा कोळी पारव्यांवरही जगतो. वर्षभर कांदे नव्हते, पण पारवे होतेच. आणि पारवे नसते तरी फार फरक पडला नसता, कारण हा कीडा खायला न मिळता कित्येक महिने तग धरतो. "खुराडं दोन महिने रिकामं होतं" या भरवशावर राहू नका.

नानांनी रात्री बघायचा सल्ला सोन्यासारखा दिला, पण पुढचा सल्ला मी ऐकला नाही: "बागेतलं कोळ्याचं औषध आहे, मारू का पंपाने?" द्राक्षाच्या पानावर मारायचं औषध कोंबडीच्या खुराड्यात मारायचं नसतं. अंडी आपण खातो. पशुवैद्यकांनी कोंबड्यांसाठी म्हणून सांगितलेलंच औषध, त्यांनी सांगितलेल्या मापाने, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारून घ्यायचं. बाकी काम हाताचं होतं. पक्षी दुसरीकडे हलवले, तूस गोणपाटासकट जाळलं, दांड्या काढून उकळतं पाणी ओतलं, सांधे तारेच्या ब्रशने खरवडले, भेगांवरून गॅसचा ब्लोटॉर्च फिरवला (पाण्याची बादली शेजारी ठेवून, वाळलेल्या लाकडाला पेट घ्यायला वेळ लागत नाही), आणि सगळीकडे चुन्याची निवळ मारली. आठ दिवसांनी हे सगळं पुन्हा, कारण उकाड्यात अंड्यापासून मोठा कोळी व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. एकदा करून थांबलात तर कामाचं कौतुक होतं, कोळी जात नाहीत. पारव्यांची घरटी काढून आढ्याला जाळी लावली. आवारात एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती मिसळून खड्डा करून दिला. त्यात कोंबड्या स्वतःच लोळतात. राख पिसांत शिरली की बारीक किडे कमी होतात.

चाळ वापरायचीच असेल तर आणखी दोन-तीन गोष्टी. पट्ट्यांमधली फट दीड-दोन इंच असते. तलंगेचं डोकं आणि मुंगसाचं अख्खं अंग त्यातून जातं. आतून बारीक चौकोनी वेल्डमेश (जोडलेल्या तारांची कडक जाळी) लावल्याशिवाय एक रात्रही पिल्लं ठेवू नका. फळ्यांच्या सांदीत राहिलेला कांदा, पाती, काळ्या बुरशीची टरफलं झाडून काढा. कांदा जास्त पोटात गेला तर कोंबडीच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि बुरशीची धूळ पिल्लांच्या छातीत जाते. आणि डिसेंबरात तीच खेळती हवा बोचते. थंडीत निफाडच्या कुंदेवाडीचा नीचांकी पारा पेपरात येतो ते दिवस आपल्याकडेही फार वेगळे नसतात. उत्तरेची आणि पूर्वेची बाजू दांडीच्या उंचीपर्यंत गोणपाटाने झाका, वर वीतभर उघडं ठेवा. काही जण थंडी म्हणून प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी गच्च बांधतात. सकाळी दार उघडल्यावर खाली बसून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर तो विष्ठेतून निघालेला अमोनिया वायू, आणि रात्रभर त्या पिल्लांनी तोच हुंगलाय.

तिसरी खेप: जुन्या म्हाताऱ्या दारात

सात जुन्या कोंबड्यांचं पक्कं घर झालेल्या खुराड्यात बारा नव्या तलंगा सोडल्या. दिवसा चोचाचोची, ती अपेक्षितच. संध्याकाळी मात्र नव्यांपैकी एकही आत जाईना. सलग तीन संध्याकाळी मी ओट्यावर बसून नुसतं पाहिलं. एक तांबडी कोंबडी, अंडी घालायची कधीच सोडलेली, दाराच्या आतल्या बाजूला बरोबर उंबऱ्यावर उभी राहायची. जी नवी तलंग डोकं आत घालेल तिच्या टाळूवर एक टोचा. बाकीच्या सहा शांतपणे दांडीवर. त्या एका म्हातारीने बारा जणींना बाहेर ठेवलं होतं.

तिला चार दिवस डालग्याखाली ठेवलं, दुसऱ्या टोकाला. परत आणली तेव्हा तिचा रुबाब उतरलेला होता, कारण मधल्या काळात दांडीवरच्या जागा ठरून गेल्या होत्या. हा उपाय मी आता बिनदिक्कत सांगते: मार खाणारीला वेगळं काढू नका, मारणारीला काढा. मार खाणारी वेगळी काढलीत तर परत आल्यावर तिला पुन्हा पहिल्यापासून मार.

पण हे सगळं टाळता आलं असतं. विकत आणलेली पिल्लं असतील तर आधी दोन-तीन आठवडे अगदी वेगळी, लांब ठेवायची, भांडीसुद्धा वेगळी; रोग घेऊन आली असतील तर तेवढ्यात दिसतो. मग दोन आठवडे त्याच आवारात, मध्ये जाळीचा पडदा. एकमेकींना दिसतात, टोचता येत नाही. नव्या पोरी अंगाने जुन्यांच्या जवळपास आल्या, म्हणजे निदान दहा-बारा आठवड्यांच्या झाल्या, की मगच पडदा काढायचा. एकटी-दुकटी कधी सोडायची नाही. सोडायची रात्री, दांडीवर नेऊन. खुराड्याला दोन दारं असतील तर फार बरं. नसेल तर मागच्या अंगाला वीतभर रुंदीचं भोक पाडा. खाण्याची भांडी दोन, आणि एका भांड्यापाशी उभं राहून दुसरं दिसणार नाही अशी. कुठे रक्त दिसलं तर तो पक्षी तेवढ्यापुरता लगेच बाजूला काढा, लाल रंग दिसला की सगळ्या त्याच जागी टोचतात. जखमेला जांभळं औषध लावलं की रंगही झाकतो.

एकत्र ठेवल्यावर खाण्याचा घोळ होतो तोही सांगून टाकते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात चुना भरपूर असतो. तो लहान तलंगांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. म्हणून सगळ्यांनाच वाढीचं खाद्य द्यायचं आणि जुन्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. ज्यांना हवा त्या खातात.

दांडी आणि खोकी

दांडीबद्दल कुणी गंभीर होत नाही. बागेचं उरलेलं सामान असतंच, लोखंडी अँगल, जीआय पाईप, ड्रिपची नळी, आणि तेच ठोकलं जातं. लोखंड थंडीत गार पडतं, प्लास्टिकवरून पाय घसरतो. मनगटाएवढा बांबू किंवा दोन इंची चौकोनी लाकूड, कडा घासून गोल केलेलं. प्रत्येकीला आठ इंच. पहिले पंधरा दिवस फूट-दीड फुटावर, मग वर सरकवा. कोंबडीला उंच बसायचं असतं, म्हणून अंड्याची खोकी दांडीपेक्षा उंच असतील तर त्या खोक्यांतच झोपतील आणि खोकी हगून ठेवतील. अंड्यावर यायच्या आधी, सोळा-सतरा आठवड्यांपर्यंत, खोक्यांची तोंडं पोत्याने बंदच ठेवा.

एका रात्रीत सगळं बिघडलं तर

काल आत गेल्या, आज एकही जात नाही, आणि कोळी नाही, म्हातारी नाही. मग रात्री काहीतरी येऊन गेलंय. सकाळी लगेच खुराड्याभोवती चक्कर मारा, झाडायच्या आधी. जाळीला केस, भिंतीशी ओली माती उकरलेली, पिसांचा झुबका. घूस आणि मुंगूस खालून येतात, मांजर वरून, आणि साप उंदराच्या बिळातून. बाजारातली षटकोनी चिकन जाळी कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, कुत्रं ती दाताने फाडतं. खालच्या दोन फुटांना वेल्डमेश लावा आणि तीच जाळी बाहेरच्या बाजूला दीड फूट जमिनीवर आडवी पसरून वर माती-दगड टाका. उकरणारा प्राणी भिंतीच्या बुडाशीच उकरतो, दीड फूट मागे जाऊन उकरायचं त्याला सुचत नाही. सांडलेलं खाद्य रात्री उचलून ठेवलं तर उंदीर कमी, उंदीर कमी तर साप कमी. घाबरलेल्या कोंबड्यांना मात्र पुन्हा तीन-चार दिवस कोंडावं लागतं, पहिल्यासारखंच.

बागेला लागून घर असणाऱ्यांनी फवारणीचाही विचार करावा. ट्रॅक्टरचा ब्लोअर फिरतो त्या दिवशी वाऱ्याबरोबर औषध आवारात येतं. नाना आता आदल्या संध्याकाळी हाक मारतात आणि मी त्या दिवशी कोंबड्या आतच ठेवते, पाण्याची भांडी झाकून.

हलवल्यावर पिसं फुगवून बसली तर

हा बुजरेपणा समजू नका. जागा बदलल्याचा ताण आणि ओलं तूस एकत्र आलं की तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण गाठते. पिसं फुगलेली, मान खांद्यात, विष्ठा चॉकलेटी किंवा लाल. यात दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, विष्ठा कागदात घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठायचा. तूस मुठीत दाबून पाहा: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर बदला. पावसाळ्यात मी पाण्याचं भांडं विटेवर, पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवते. त्यात पाय घालता येत नाहीत, सांडत कमी.

लसीचंही वेळापत्रक इथेच आडवं येतं. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस सातव्या दिवशी आणि पुन्हा चौथ्या आठवड्यात होऊन जाते, पण आठव्या आठवड्याची पंखाखालची लस आणि देवीची लस नेमकी हलवायच्या दिवसांत येते. लस आणि स्थलांतर यांत निदान आठवड्याचं अंतर ठेवा. कुपी शंभर डोसांची असते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे आम्ही गल्लीतल्या चार घरांच्या कोंबड्या एकाच सकाळी टोचून घेतो. कुपी बर्फात आणायची जबाबदारी आळीपाळीने.

सगळं करूनही एक-दोन हट्टी निघतातच. शेवग्यावर बसणारीला रोज अंधार पडल्यावर उतरवून आत दांडीवर ठेवायचं, आठवडाभर न चुकता. सासूबाईंचं वाक्य इथे मोडावं लागतं. फरक एवढाच की ती झोपलेली असते आणि जाग येते ती आतच. तरीही नाही ऐकलं तर एकाच पंखाची मोठी बाहेरची पिसं कात्रीने छाटा. दोन्हीकडची नको, दोन्ही छाटली तर तोल राहतो आणि जोर लावून उडतेच. रक्त असलेली कोवळी निळसर दांड्याची पिसं असतील तर हात लावू नका.

यंदाच्या खेपेला आज नववा दिवस. पावणेसहाला डबा वाजवला, बावीस आत. तेविसावी शेवग्याच्या दुसऱ्या फांदीवर, शिडी तिथेच टेकवलेली आहे.